पाहुण्यांना मानवंदना देणारं खेचर

कोटर्स बेंड, अलाबामा
मंगळवार सकाळ, पाठ शेकत

आदरणीय वेंडेल दाजी,

कंबरेत वाकून नमस्कार. (हे वाकणं मानासाठी आहे असा गैरसमज नको. पाठ जून महिन्यापासून याच कोनात अडकली आहे, त्याचं कारण पुढे येईल.) आपली तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? अंगणातल्या टोमॅटोंना यंदा कीड लागली म्हणे. ऐकून वाईट वाटलं. गेली जवळजवळ दोन वर्षं आपण एकमेकांशी बोलत नसल्यामुळे मला ही सगळी माहिती आमच्या सौ. नेल्डाकडून घ्यावी लागते आणि नेल्डा ती दर गुरुवारी फोनवर ताईकडून घेते. म्हणजे तुमच्या गुडघ्याची बातमी माझ्यापर्यंत पोचेस्तोवर आठवड्याची शिळी होते. तो बरा झाला असल्यास हे वाक्य गाळून वाचावं.

पत्र बघून तुम्ही चकित झाला असाल. मीही झालो आहे. "या घरात पुन्हा पाऊल टाकू नका," असं ज्या माणसाला मी ऐन थँक्सगिव्हिंगच्या जेवणात सांगितलं, त्याला पत्र लिहायला बसणं सोपं नाही. पण दाजी, तुम्हीच सांगा, चूक कोणाची होती? सगळ्यांनी हात हातात धरले, डोळे मिटले, टर्की वाफाळत होती आणि घरातला वडीलधारा म्हणून प्रार्थनेचा मान मी तुम्हाला दिला. तुम्ही अन्नाबद्दल देवाचे आभार मानलेत, पावसाबद्दल मानलेत, आणि मग त्याच आवाजात, "हे प्रभू, टालमन कॉलेजच्या किकरला तू जसा घडवलास त्याबद्दलही आम्ही तुझे ऋणी आहोत," असं म्हणालात. एकोणीस यार्डांवरून किक चुकवून आमच्या टालमनचा सामना घालवणाऱ्या त्या पोराचं दुःख आमच्या गावात अजून ओलं होतं! आणि प्रार्थनेत मधे बोलता येत नाही हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. सगळ्यांनी "आमेन" म्हटलं. नेल्डानेही म्हटलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला आणि मी तुम्हाला अर्ध्या ॲपल-पायसकट दाराबाहेर काढलं. असो. मी ते विसरलो आहे.

आता मूळ विषय. तुमच्या घरी तो कॉलेज फुटबॉलचा नवा व्हिडिओ गेम आला आहे का? नसेल आला तर चांगलंच आहे, आणू नका. आमच्याकडे तो पास्टर हॉलिस यांच्याकडे आला आहे. (तरुणांना चर्चकडे ओढण्यासाठी घेतला असं ते सांगतात. अजून एकही तरुण ओढला गेलेला नाही. पास्टर मात्र पुरते ओढले गेलेत, गेल्या दोन रविवारी प्रवचनाला अंगठ्यांना चिकटपट्टी लावून उभे होते.) पूर्वीच्या गेममध्ये फक्त मोठमोठी कॉलेजं असायची. यंदा आपल्यासारखी लहान कॉलेजंही घेतली आहेत, आमचं टालमन आणि तुमचं पोर्टर्स फेरी स्टेटसुद्धा. तुमच्या संघाचे ते 'लढाऊ मांगूर मासे' पडद्यावर पिवळ्याधमक कपड्यांत पळताना पाहिले. (माशाला पाय नसतात, हा मुद्दा मी ताईच्या लग्नातही मांडला होता.)

पास्टरनी मला सगळ्या नव्या सोयी समजावून सांगितल्या. ऐकून माझं डोकं गरगरलं. आता म्हणे वारा कुठून वाहतो ते बघून किक मारावी लागते. प्रत्येक खेळाडूला कुठे किती मार बसला त्याचा हिशेब वेगळा राहतो, खांद्याचा वेगळा, घोट्याचा वेगळा. माझ्या डॉक्टरलाही माझा एवढा हिशेब माहीत नाही. हंगाम संपला की पोरं दुसऱ्या कॉलेजात निघून जातात. त्यांना थांबवायचं तर प्रशिक्षकाने त्यांच्या आईच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायचं, वचनं द्यायची आणि ती पाळायची. पास्टरनी एका पोराला वचन दिलं आणि विसरले, तर तो सरळ तुमच्या कॉलेजात गेला. त्या दिवशी पास्टर जे बोलले ते त्यांच्या बायकोने ऐकलं आणि नंतर दोघांनी मिळून क्षमा मागितली. पण सगळ्यात मोठी सोय म्हणजे प्रत्येक मैदानाची स्वतःची रीत आता गेममध्ये दिसते. कोणाचा घोडा, कोणाची तोफ, कोणाचा जुना दगड. घरच्या मैदानावर असा काही गोंगाट उठतो की पाहुण्यांचा पडदा थरथरतो, बटणांच्या खुणा पुसट होतात आणि पाहुणे गांगरतात. याला घरच्या मैदानाचा फायदा म्हणतात. आणि इथेच आमचं घोडं, म्हणजे खेचर, पेंड खातं.

तुम्हाला ठाऊकच आहे की सामन्याआधी टालमनचं खेचर मैदानाला एक फेरी मारतं आणि त्याची दोरी बावीस वर्षं माझ्या हातात आहे. आधी जुनी मिस पेटुनिया होती. ती गेल्यावर सहा वर्षांपूर्वी तुमच्याच तबेल्यातून मी कर्नल टर्निपला आणलं. (शत्रूकडून खेचर घेऊ नकोस, असं मला चारचौघांनी बजावलं होतं. मी म्हटलं, खेचराला काय कळतं पक्ष? त्याला गाडीत चढवताना तुम्ही सारखे हसत होतात. मला वाटलं, निरोपाच्या वेळी माणूस रडू लपवतो.) सहा वर्षांत कर्नलने एकदाही मान खाली घातली नाही. माझ्या आयुष्यात मी पस्तीस वर्षं शाळेची बस चालवली, त्याबद्दल मला कोणी टाळ्या वाजवल्याचं आठवत नाही. पण शनिवारी सकाळी डाळिंबी कोट घालून मी कर्नलला बोगद्यातून बाहेर काढतो तेव्हा आठ हजार माणसं उभी राहतात. ती कर्नलसाठी उभी राहतात हे मला समजतं, पण दोरीचं दुसरं टोक माझ्याकडे असतं.

तर जून महिन्यात गेमच्या कंपनीकडून मिस कॅस्टिलो नावाची मुलगी आली. लाघवी, कामसू, कॅलिफोर्नियाची. मंगळवारची दुपार, रिकामं मैदान, वर रणरणतं ऊन. तिने कर्नलचे चारही बाजूंनी चारशे फोटो काढले, माझेही काढले (पोट आत ओढून उभं राहायचं मला कोणी आधी सांगितलं नाही), आणि मग म्हणाली, आता तुम्ही नेहमीसारखी फेरी मारा, आम्ही चित्रण करतो. आम्ही निघालो. कर्नल असा चालत होता की बघत राहावं. आम्ही चाळीस यार्डांच्या रेषेवर पोचलो तोच या मुलीने, आवाज नीट घुमतो का बघायला, कर्ण्यावरून पाहुण्या बँडचं गाणं लावलं. यंदा पाहुण्यांच्या बँडचीही नवी सोय आहे ना! आणि हजार गाण्यांतून तिला सापडलं ते तुमचं.

दाजी, साठ वर्षांत आमच्या मैदानावर ते गाणं कोणी धड ऐकलेलं नाही. तुमच्या बँडने भोंगे ओठांना लावले रे लावले की आमचे आठ हजार लोक बिडाचे तवे काढतात आणि लाकडी चमच्यांनी बडवायला लागतात. ही रीत आहे. सकाळी ज्या तव्यात मक्याची पोळी भाजली तोच तवा बायका मैदानावर आणतात, काहींचा गरम असतो. त्यामुळे कर्नलनेही सहा वर्षांत ते गाणं ऐकलं नव्हतं. त्या मंगळवारी मैदानावर एकही तवा नव्हता. पहिल्या ओळीला कर्नलचे कान उभे राहिले. दुसऱ्या ओळीला तो वळला. तिसऱ्या ओळीला पाहुण्यांच्या बाकांकडे तोंड करून त्याने मैदानात फतकल मारली आणि डोळे मिटून घेतले. मी दोरी ओढली. पुढून ओढली, मागून ढकललं, त्याच्या पोटाखाली खांदा घातला (पाठ अडकली ती तेव्हाच). माझी टोपी पडली. मग माझ्या पँटचा पट्टा सैल झाला आणि पुढे जे झालं ते लिहीत नाही, गेममध्ये दिसेलच. तासभराने नेल्डा माझं जेवण घेऊन आली, सवयीप्रमाणे त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटली आणि नेमका त्याच वेळी मी दिलेला शेवटचा हिसका लागू पडून तो उठला.

मला वाटलं, एवढा भाग ते कापून टाकतील. पण गेम आला आणि पास्टरनी तो बुधवारच्या चर्चच्या जेवणात, ज्या पडद्यावर आपण भजनांचे शब्द बघतो त्याच पडद्यावर लावला. सगळं गाव बसलेलं, ताटांत तळलेली कोंबडी, माझ्या चमच्यात केळ्याचं पुडिंग. पडद्यावर आमचं मैदान आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कर्नल आला. मी आलो. (केस त्यांनी माझे काढून टाकले आहेत आणि पाय काडीसारखे केले आहेत, पोट मात्र हुबेहूब.) गाणं लागलं, कर्नल बसला, माझी टोपी पडली, माझा पट्टा सुटला, आणि गेममधला समालोचक भरल्या गळ्याने म्हणाला, "बघा मंडळी! टालमनचं खेचर पाहुण्यांच्या गाण्याला बसून मानवंदना देतंय. अशी खिलाडूवृत्ती हल्ली कुठे बघायला मिळते?" मी चमचा उगारून उठलो. पुडिंग कोणाच्या तरी डोक्यावर पडलं. ते कोणाचं डोकं होतं ते पुढच्या परिच्छेदात येईल.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी सहन केलं असतं. पण खेचराने मानवंदना दिल्यावर पाहुण्यांचं मनोबल वाढतं आणि आमच्याच पोरांचं खचतं, अशी गेममध्ये सोय आहे. पडदा थरथरतो तो आमचा! पास्टर म्हणतात की त्या अख्ख्या गेममध्ये घरच्या मैदानाचा फायदा पाहुण्यांना देणारं आम्ही एकमेव कॉलेज आहोत. कुठून कुठून अनोळखी लोकांची आभाराची पत्रं येतात. न्हावी मला म्हणतो, "डेल्मर, तुझ्या खेचराला निदान संस्कार तरी आहेत." आणि पुडिंग ज्यांच्या केसांत पडलं त्या मिसेस इमोजीन प्रुइट या औषधांच्या दुकानाच्या मालकीण तर आहेतच, शिवाय माजी विद्यार्थी मंडळाच्या अध्यक्षाही आहेत. त्यांनी मंडळाची बैठक बोलावली, माझं म्हणणं तीन मिनिटं ऐकलं (त्यातली दोन मी घसा खाकरण्यात घालवली), आणि निकाल दिला. कंपनी दुरुस्ती करायला तयार आहे. मिस कॅस्टिलो पुन्हा येणार आहे, एकदाच, आणि तेही येत्या शनिवारनंतरच्या शनिवारी, म्हणजे तुमच्याविरुद्धच्या सामन्याच्या दिवशी. चित्रण स्वच्छ हवं म्हणून तुमचा बँड वाजत असताना कोणी तवा वाजवायचा नाही, असं आमच्या कॉलेजच्या अध्यक्षांनी लेखी कबूल केलं आहे. म्हणजे आठ हजार माणसं तोंड मिटून बसणार, तुमचं गाणं घुमणार आणि कर्नलला त्यासमोरून चालत जावं लागणार. बसून लगेच उठला तर गुडघा दुमडला म्हणून खपवता येईल. बसून राहिला तर कर्नल निवृत्त, मी निवृत्त, आणि माझ्या जागी आत माणूस असलेलं कापडी खेचर येणार. त्याला शेपटीत दिवे आहेत.

दाजी, मी या गोष्टीवर हसायचा पुष्कळ प्रयत्न केला. जमलं नाही. मला वाईट वाटतं. त्या दोरीशिवाय शनिवारी सकाळी मी काय करायचं, हे मला खरंच कळत नाही.

म्हणून परवा मी शेडचं दार लावून घेतलं, आजूबाजूला कोणी नाही याची खात्री केली आणि जन्मात पहिल्यांदा तुमचं गाणं शिट्टीवर वाजवलं. (हे माझ्या आईवडिलांच्या थडग्यांपर्यंत जाऊ देऊ नये.) कर्नल बसला. आमचं गाणं वाजवलं, तर तो जांभई देऊन बसूनच राहिला. गाजर दाखवलं, साखर दाखवली, शेजाऱ्याकडून बिगुल वाजवून घेतला, मिसेस प्रुइटचं नाव सांगून घाबरवलं. दाण्याची वेळ होईपर्यंत ढिम्म. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की तो निरोपाचा हसरा चेहरा कसला होता. मला विकण्याआधी चार वर्षं तुम्ही त्या बिचाऱ्या जनावराला रोज सकाळी हे गाणं लावून बसायला शिकवत होतात! कौतुक करावं की वकील गाठावा, याचा मी अजून विचार करतो आहे.

बाकी सर्व क्षेम. पेकानची झाडं यंदा लगडली आहेत. ताईला सप्रेम नमस्कार, आणि तिच्या गाडीवरच्या त्या अर्ध्या डाळिंबी, अर्ध्या पिवळ्या पाटीचा डाळिंबी भाग उन्हाने विटला आहे, तेवढा रंगवून घ्यायला सांगावं.

आपला (नात्याने नाइलाज आहे म्हणून),
डेल्मर स्टोव्हॉल

ता. क. रताळ्याच्या पुडिंगचं ताईचं काचेचं भांडं आमच्याकडे राहिलं आहे. त्यासाठीच खरं तर पत्र लिहायला घेतलं होतं.

ता. क. दुसरा. तर ज्याने जनावर बसायला शिकवलं, त्याने उठायलाही शिकवलं असणार. शब्द काय आहे तो कळवावा. मी विनंती करत नाही. विकलेल्या वस्तूची पूर्ण माहिती देणं हे विकणाऱ्याचं कर्तव्य आहे. उलट टपाली कळवावा.

ता. क. तिसरा, बुधवार. काल झोप लागली नाही म्हणून लिहितो. एक गोष्ट कोणालाच सांगितलेली नाही, नेल्डालाही नाही. जून महिन्यात कर्नल बसला तेव्हा त्या मुलीने मला अगदी साधेपणाने विचारलं होतं, "हा नेहमी असं करतो का?" बावीस वर्षं दोरी धरणाऱ्या माणसाला स्वतःचं खेचर आवरत नाही, हे मी एका परक्या मुलीला कुठल्या तोंडाने सांगणार? मी पट्टा सावरला आणि म्हणालो, "अर्थात. आमची फार जुनी रीत आहे. पाहुण्यांना मानवंदना देतो तो." तिने वहीत लिहून घेतलं. वर "किती सुंदर!" असंही म्हणाली. मिसेस प्रुइटना हे कळलं तर त्या मला कापडी खेचराच्या मागच्या पायांत घालतील. पत्र वाचून जाळावं.

ता. क. चौथा, गुरुवार. पत्र अजून टाकलेलं नाही, आणि आता टाकायची गरजही उरली नाही. आज फोनवर नेल्डाने ताईला सहज विचारलं आणि ताईने सहज सांगितलं. शब्द आहे "प्लीज". माझा विश्वास बसला नाही. मी शेडमध्ये गेलो, दार लावलं, शिट्टी वाजवली, तो बसला, आणि मी ते म्हणालो. तो उठला, दाजी! एखाद्या शहाण्यासारखा उठला आणि माझ्याकडे असा बघत राहिला की मला नजर खाली घालावी लागली. सहा वर्षांत मी त्या जनावराला सगळं बोललो आहे, त्यातलं बरंचसं चर्चमध्ये सांगण्यासारखं नाही, पण हे कधी म्हणालो नव्हतो. त्या दिवशी मैदानात त्याला उठवलं ते माझ्या हिसक्याने नव्हे, नेल्डाने. ती कपडे धुण्याच्या यंत्रालाही प्लीज म्हणते. म्हणजे तुम्हाला काही विचारायचं उरलेलं नाही. भांडं मी ताईकडे पार्सलने पाठवू शकतो.

ता. क. पाचवा. त्या शनिवारी दोरीला दोन माणसं चालतात, मी नियम वाचून बघितला. कर्नलला आठ हजार लोकांत माझा आवाज ऐकू आला नाही तर तुमचा येईल. कोट डाळिंबी घालावा लागेल, त्यात तडजोड नाही. गेममध्ये तुम्ही त्या कोटात कायमचे दिसाल, याचा मला आनंद होईल. आणि नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला गेल्या वर्षी ताई एकटीच आली होती. तुमच्या खुर्चीवर आम्ही कोट ठेवले, पण ते बरं दिसत नव्हतं. प्रार्थना तुम्हीच करा. किकरचं नाव घ्यायचं असेल तर घ्या, पोरगं आता किक बरी मारतं.

ता. क. शेवटचा. प्लीज.